मेट्रोजवळ घर घ्यायचंय? आधी परिसर पायाखाली घाला

नोकरीसाठी लातूर, सोलापूर, नगरकडून पुण्यात यायचं, काही वर्षं भाड्याच्या घरात काढायची आणि पोरगं शाळेच्या वयाला आलं की स्वतःचं घर शोधायला लागायचं, हा बहुतेकांचा क्रम. त्या शोधात हल्ली एजंटचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं : "साहेब, मेट्रो पाच मिनिटांवर आहे." पाच मिनिटं कशानं, ते मात्र तो सांगत नाही. बहुधा रात्री अकराला, मोटारसायकलवरून, सगळे सिग्नल हिरवे मिळाले तर.

पुणे किंवा पिंपरी-चिंचवडमध्ये पहिलंच घर घेणारं, लहान मूल असलेलं, जमलं तर आई-वडिलांनाही सोबत ठेवणारं कुटुंब डोळ्यांसमोर ठेवून हे लिहितोय. माझं मत आधीच सांगतो. मेट्रोचा रोजचा उपयोग घरातल्या एखाद-दोघांना होतो, तोही सकाळ-संध्याकाळ. बाकीचा दिवस सगळं घर स्टेशन आणि आपलं दार यांच्या मधल्या गल्ल्यांत वावरत असतं. तेव्हा पारख त्या गल्ल्यांची करायची.

पायरी १ : घरातल्या प्रत्येकाचा आठवडा लिहून काढा

एका कागदावर घरातल्या प्रत्येकाचं नाव आणि पुढे तो आठवड्यात कुठं कुठं जातो ते लिहा. ऑफिस, शाळा, पाळणाघर, गुडघ्याचे डॉक्टर, भाजी, गुरुवारचं दत्तमंदिर, गावाकडची एसटी. अर्ध्या तासाचं काम आहे, पण बघायला निघालेल्या फ्लॅटपैकी बरेचसे इथंच गळतात.

वनाझ ते रामवाडी आणि पिंपरी-चिंचवड महापालिका ते स्वारगेट या दोन मार्गिका जिल्हा न्यायालय स्थानकात एकमेकींना भेटतात. ऑफिस येरवडा-कल्याणीनगरला असेल तर कोथरूडहून सरळ एका गाडीत जाता येतं. तेच ऑफिस पिंपरीत असेल तर जिल्हा न्यायालयाला गाडी बदलायची, आणि तिथला भुयारी फलाट जमिनीखाली सुमारे ३३ मीटरवर आहे. तरुण माणूस सरकत्या जिन्यांवरून भराभर चढतो-उतरतो, गुडघे धरलेल्या आईला मात्र लिफ्ट शोधत जावं लागतं. रोजच्या प्रवासात गाडीचा एक बदल चालून जातो. पण मेट्रो, मग बस, मग रिक्षा असं त्रांगडं झालं की महिन्याभरात माणूस पुन्हा दुचाकीला किक मारतो आणि मेट्रोजवळच्या घराला मोजलेले जादा पैसे पाण्यात जातात.

गावाचा रस्ताही कागदावर असू द्या. सोलापूर, सातारा, कोल्हापूरकडच्या माणसाला स्वारगेट सोयीचं. मेट्रोच्या कामासाठी शिवाजीनगरचं एसटी स्थानक वाकडेवाडीला हलवलं गेलं. पिंपरीकरांना वल्लभनगरचं स्थानक आहे, संत तुकाराम नगर मेट्रो स्टेशनाजवळ. दिवाळीला चार बोचकी आणि दोन पोरं घेऊन निघाल्यावर या गोष्टीची किंमत कळते.

पायरी २ : "मेट्रो येतेय" याचा अर्थ विचारा

जाहिरातीत "मेट्रो" या एका शब्दात चार वेगवेगळ्या अवस्था लपलेल्या असतात : धावणारी, बांधकाम चालू असलेली, मंजूर झालेली आणि नुसती प्रस्तावित. जादा पैसे मोजायचे ते धावणाऱ्या मेट्रोसाठी. बांधकाम चालू असेल तर थोडे मोजायला हरकत नाही. मंजूर आणि प्रस्तावितसाठी एक रुपयाही नाही.

हे जरा कडक वाटेल, म्हणून तारखा बघा. पुणे मेट्रोचं भूमिपूजन डिसेंबर २०१६ मध्ये झालं. वनाझ ते गरवारे कॉलेज आणि पिंपरी ते फुगेवाडी हे पहिले तुकडे ६ मार्च २०२२ ला सुरू झाले, ऑगस्ट २०२३ मध्ये गाडी रूबी हॉलपर्यंत गेली आणि रामवाडी गाठायला मार्च २०२४ उजाडलं. स्वारगेटपर्यंतचा भुयारी टप्पा त्याच वर्षी सप्टेंबरअखेरीस. भूमिपूजनाच्या वेळी पहिलीत असलेलं पोर मेट्रो रामवाडीला पोहोचेपर्यंत आठवीत गेलं होतं. हिंजवडी-शिवाजीनगर मार्गिकेचं भूमिपूजन डिसेंबर २०१८ चं, आणि तिचीही मुदत वारंवार पुढे गेली. स्वारगेट-कात्रज मार्गाला केंद्राची मंजुरी ऑगस्ट २०२४ मध्ये मिळाली, वनाझ-चांदणी चौक आणि रामवाडी-वाघोलीला जून २०२५ मध्ये. मंजुरी आणि पहिली गाडी यांच्यात किती वर्षं जातात, त्याचा अंदाज यावरून बांधा. तोवर त्या रस्त्यावर पत्रे, खड्डे आणि क्रेन, हेही धरून चाला. तुमच्या मुलाची प्राथमिक शाळा त्यातच जाऊ शकते.

मेट्रोच्या नादात पुणे-लोणावळा लोकल विसरू नका. चिंचवड, आकुर्डी, देहूरोड, तळेगाव या पट्ट्यात ती वर्षानुवर्षं चालू आहे आणि स्वस्त आहे. दुपारी गाड्या विरळ असतात, तेवढं वेळापत्रक पाहून ठरवा.

पायरी ३ : चालून बघा, आणि वेळ बदलून बघा

सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो इथं. स्टेशनच्या जिन्याखाली उभे राहा आणि बघायला आलेल्या इमारतीच्या फाटकापर्यंत पायी जा. मूल बरोबर असेल तर त्याचा हात धरून जा, नसेल तर हातात भाजीची पिशवी तरी घ्या.

सुरुवातीला रुंद, नवा फूटपाथ लागतो. मुख्य रस्त्यावरून आत वळलं की तो दोन-अडीच फुटांचा होतो. मग महावितरणचा डीपी बॉक्स, त्याला टेकून उभ्या केलेल्या तीन दुचाकी, पुढे वडापावची गाडी, आणि त्यानंतर चेंबरचं झाकण, एक कोपरा खचलेलं. या प्रत्येक ठिकाणी तुम्ही मुलासकट रस्त्यावर उतरता, आणि मागून पीएमपीची बस येत असते. असे किती वेळा उतरलात ते मनात धरा. दोन-तीनदा म्हणजे ठीक. सारखंच उतरावं लागत असेल तर घरातली लहान आणि म्हातारी माणसं त्या वाटेनं जाणार नाहीत, घरात बसतील किंवा रिक्षा करतील.

साधारण आठशे मीटर म्हणजे मोठ्या माणसाला दहा मिनिटं, पाच वर्षांच्या पोराला पंधरा, वाटेत कुत्रं दिसलं तर वीस. याच्या पलीकडचं अंतर कुटुंबाच्या हिशेबात "मेट्रोजवळ" धरू नका.

नकाशावरच्या सरळ रेषेवर जाऊ नका. पिंपरीहून दापोडीकडे येताना जुना मुंबई-पुणे महामार्ग आणि लोहमार्ग बराच काळ शेजारी-शेजारी धावतात. त्यामुळे कासारवाडी, दापोडी भागात नकाशावर चारशे मीटर दिसणारं घर रुळांच्या पलीकडं असलं की पायी त्याच्या दुप्पट-तिप्पट पडतं. नगर रस्त्यावरही तेच. रामवाडी स्टेशनातून उतरलात आणि तुमची गल्ली समोरच्या बाजूला असली, तर स्टेशनचा पूल त्या बाजूला कुठं उतरतो आणि तिथून गल्ली किती लांब, हे पाहूनच ठरवा. पूल आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. लिफ्ट चालू आहे का, ती कुठल्या बाजूला आहे, रात्री त्या जिन्यात उजेड असतो का, हे सगळं त्याच फेरीत बघून होतं.

एक फेरी सकाळी साडेआठला मारा, शाळेच्या व्हॅन निघतात तेव्हा. एक संध्याकाळी सातला. एक रात्री शेवटच्या गाड्यांच्या वेळी, कारण घरातली मुलगी किंवा सून त्या वेळी एकटी चालत येणार असेल. कुठली दुकानं उघडी असतात, कुठला पट्टा नुसता पत्र्याच्या कुंपणाचा आहे, कुठं दारूच्या दुकानासमोर घोळका असतो, हे दुपारी बारा वाजता फ्लॅट बघायला येणाऱ्याला कळत नाही. आणि जमलं तर जुलैत एक फेरी भर पावसात.

पायरी ४ : अगदी स्टेशनला चिकटूनही नको

कर्वे रस्ता आणि पौड रस्त्यावर मेट्रो पुलावरून धावते. नळस्टॉपला तर खाली रस्ता, मधे वाहनांचा उड्डाणपूल आणि वर मेट्रो. रस्त्यालगतच्या इमारतीत पुलाच्या उंचीच्या मजल्यावर खिडकीसमोर गाडी येते, आणि पुलाखाली अडकलेल्या वाहतुकीचा आवाज वेगळाच. गाडीच्या आवाजापेक्षा तो हॉर्नचा आवाज जास्त छळतो, असं माझं मत. मुख्य रस्त्यापासून दोन गल्ल्या आतलं घर जवळजवळ नेहमीच सरस ठरतं : चालायला तीन मिनिटं जास्त, झोप मात्र शांत.

स्टेशनाबाहेर पार्किंग नसलं की लोक दुचाक्या जवळच्या गल्ल्यांत लावतात. सकाळी दहाला तुमच्या भावी सोसायटीच्या फाटकासमोर उभे राहा, म्हणजे कळेल.

दुसरी गोष्ट जाहिरातीत कधीच नसते. राज्याच्या एकत्रित बांधकाम नियमावलीत मेट्रो स्थानकापासून ५०० मीटरच्या परिघाला वेगळा दर्जा आहे. तिथं रस्त्याची रुंदी आणि भूखंडाचा आकार पाहून, अधिमूल्य (प्रीमियम) भरून, एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या किती पट बांधकाम करता येतं ते प्रमाण, जास्तीत जास्त ४ पर्यंत मिळू शकतो. म्हणजे आज बाल्कनीतून दिसणारा बंगला आणि त्यातलं आंब्याचं झाड उद्या तसंच राहील, हे धरून चालू नका. त्याच्या जागी उंच इमारत उभी राहू शकते, आणि ती उभी राहीपर्यंत ड्रिलिंग, डंपर, धूळ. दम्याचं मूल असेल तर याचा विचार आधी करा. ड्रेनेज आणि पाण्याची लाइन जुनीच असते, त्यावर बोजा मात्र नव्या इमारतींचा पडतो.

याच कारणानं स्टेशनाजवळच्या पंचवीस-तीस वर्षं जुन्या सोसायटीतला फ्लॅट घेताना पुनर्विकासाची चर्चा कुठवर आलीय ते सेक्रेटरींना थेट विचारा. २०१९ च्या शासन निर्णयानंतर ५१ टक्के सभासदांच्या संमतीनं पुनर्विकास पुढे जाऊ शकतो. तुम्ही आज राहायला गेलात, मुलाला कोपऱ्यावरच्या शाळेत घातलंत आणि दोन वर्षांनी इमारत पाडायची ठरली, तर तीन-चार वर्षं भाड्याच्या घरात जायचं आलं. नंतर मोठं, नवं घर मिळेल हे खरं. पण जमीन अजून मूळ बिल्डरच्याच नावावर असेल, मानीव अभिहस्तांतरण (डीम्ड कन्व्हेयन्स, म्हणजे ती सोसायटीच्या नावावर करून घेणं) झालेलं नसेल आणि सभासदांत दोन तट असतील, तर ते घर कोर्टाच्या फेऱ्यांत अडकतं. तरुण जोडप्याला ही जोखीम परवडते. आई-वडील सत्तरीत असतील तर मी तरी घेणार नाही.

पायरी ५ : पाणी, दोन्ही अर्थांनी

आधी नळाचं. पुणे महापालिकेचं पाणी मुख्यतः खडकवासला धरणसाखळीतून येतं, पिंपरी-चिंचवडचं पवना धरणातून. पिंपरी-चिंचवडमध्ये २०१९ च्या अखेरीस दिवसाआड पाणी सुरू झालं आणि ते वर्षानुवर्षं तसंच राहिलं. टाक्या मोठ्या असलेल्या सोसायटीत हे जाणवतही नाही, टाक्या लहान असलेल्या सोसायटीत रोजची भांडणं होतात. पुणे महापालिकेत २०१७ आणि २०२१ मध्ये घेतलेल्या गावांच्या हद्दीत आणखी सावध राहा. तिथं महापालिकेचं पाणी पोहोचेपर्यंत पाणी देण्याची जबाबदारी बिल्डरनं हमीपत्रावर घेतलेली असते, आणि ताबा दिल्यावर ती हळूच सोसायटीच्या, म्हणजे तुमच्या गळ्यात येते.

"पाणी येतं का?" असं विचारलं तर उत्तर "येतं" असंच मिळणार. सोसायटीच्या ऑफिसात जाऊन एप्रिल आणि मे महिन्याची टँकरची बिलं बघायला मागा. नव्या प्रकल्पात शेजारच्या सोसायटीची बघा.

आता नदी-ओढ्याचं. जुलै २०२४ मध्ये खडकवासल्यातून सोडलेल्या पाण्यानं सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत इमारतींचे खालचे मजले पाण्यात गेले. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला आलेल्या पुरानं अरण्येश्वर, सहकारनगर, दांडेकर पूल परिसरात हाहाकार केला. कात्रजकडं मेट्रो जाणार म्हणून त्या बाजूला घर बघणाऱ्यांनी हा ओढा कुठून वाहतो ते आधी समजून घ्यावं. विकास आराखड्याच्या नकाशावर निळी आणि लाल पूररेषा असते. निळ्या रेषेपर्यंत साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर पोहोचतो, लाल रेषेपर्यंत शंभर वर्षांतून एकदाचा. महापालिकेकडून झोन दाखला काढा आणि भूखंड या रेषांच्या कुठल्या बाजूला आहे ते तपासा. शिवाय जुन्या इमारतीच्या पार्किंगच्या भिंतीवर चिखलाची रेघ राहिली आहे का, तेही बघा. रंग दिलेला असला तरी मीटरच्या खोलीत ती बहुतेकदा दिसते.

पायरी ६ : शाळा, दवाखाना, बाग, भाजी

शाळा निवडून मग घर बघा, उलटं नको. घर घेतल्यावर प्रवेश मिळेलच असं नाही आणि पाच वर्षांच्या मुलाला तासभर व्हॅनमध्ये बसवण्यात काही अर्थ नाही. आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) २५ टक्के जागांसाठी अर्ज करणार असाल तर घरापासून शाळेचं अंतर थेट महत्त्वाचं ठरतं. जवळ राहणाऱ्यांना आधी प्राधान्य असतं.

रात्री उघडं मेडिकल, चालत जाता येईल असा एक जनरल डॉक्टर आणि वीस मिनिटांत पोहोचता येईल असं मोठं हॉस्पिटल, एवढं पुरे. महापालिकेच्या बागा दुपारी बंद असतात. सकाळ-संध्याकाळच्या वेळा तुमच्या घराला जमतात का ते बघा. बागेत आजी-आजोबा बाकावर गप्पा मारत बसलेले दिसले तर त्या परिसराला माझ्याकडून निम्मे मार्क तिथंच.

मंगल कार्यालयं आणि लॉन्सही मोजा. म्हात्रे पुलाजवळच्या डीपी रस्त्यासारख्या ठिकाणी लग्नसराईत वरातीचा डीजे आणि गाड्यांची कोंडी ठरलेली. नदीपात्राजवळ गणपतीच्या आधी दीड-दोन महिने ढोल-ताशा पथकांचा सराव असतो. मला ढोल आवडतो, पण घरात दहावीचं वर्ष असेल तर गोष्ट वेगळी.

पायरी ७ : माणसांना विचारा

एजंट आणि बिल्डर सोडून सगळ्यांना. इस्त्रीवाले काका, शाळेच्या व्हॅनचे काका, किराणा दुकानदार आणि घरकामाच्या मावशी. प्रश्न नेमका हवा. "एरिया कसा आहे?" म्हटलं की "चांगला आहे" म्हणतील. "मावशी, लाइट किती वेळ जाते? पावसात गल्लीत पाणी साचतं का? पोरं खाली खेळतात का?" असं विचारा, मग त्या थांबून सांगतात.

सोसायटीचा सूचनाफलक हळूहळू वाचा. लिफ्ट बंद असल्याची नोटीस किती जुनी आहे, मेंटेनन्स थकवणाऱ्यांची यादी किती लांब आहे, "मुलांनी पार्किंगमध्ये खेळू नये" असं ठळक अक्षरात लिहिलंय का. हे शेवटचं दिसलं आणि आसपास मैदान नसलं, तर मुलांनी खेळायचं कुठं, हे सेक्रेटरींनाच विचारा. उत्तर कसं देतात त्यावरून सोसायटीचा स्वभाव कळतो.

काही परिसर, माझ्या नजरेतून

कोथरूडचा आयडियल कॉलनी-आनंदनगर पट्टा कुटुंबाला सगळ्यात सोपा : शाळा, दवाखाने, भाजी सगळं पायी, मेट्रो दाराशी. किंमत जास्त, इमारती जुन्या, त्यामुळे पायरी ४ नीट वाचा. पिंपरीतलं संत तुकाराम नगर लोकांच्या यादीत फारसं नसतं आणि ते मला पटत नाही. महापालिकेचं यशवंतराव चव्हाण रुग्णालय तिथंच, एसटी जवळ, मेट्रो चालू. येरवडा-कल्याणीनगर भागात गल्लीगणिक परिसर बदलतो, शिवाय लोहगाव विमानतळाचा आवाज आहे, म्हणून तिथं एका फेरीत मत बनवू नका. निगडी प्राधिकरण आखून वसवलेलं आहे, रस्ते आणि बागा उत्तम. मूळ भूखंड ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यानं दिलेले असल्यानं सौद्याआधी जमिनीची सध्याची स्थिती आणि हस्तांतरण शुल्क विचारून घ्या. वाकड-बालेवाडीत घरं नवी आणि सोसायट्या मोठ्या, मुलांना सवंगडी भरपूर, पण सोसायटीच्या फाटकाबाहेर चालणं अनेक ठिकाणी अवघड.

पायरी ८ : कागद आणि पैसे

नवा प्रकल्प असेल तर महारेराच्या (गृहप्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर नोंदणी क्रमांक टाकून ताब्याची तारीख किती वेळा पुढे ढकलली आणि कोर्टात दावे आहेत का ते बघा. भाव चटई क्षेत्रावरच (कार्पेट एरियावर) बोला. जुन्या घराला भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरायला महापालिकेची परवानगी), इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा उतारा) आणि सोसायटीचं ना-हरकत हवंच. टायटल सर्च, म्हणजे मालकीची तपासणी, बँकेच्या वकिलावर न सोडता स्वतःच्या वकिलाकडून करून घ्या.

दोन्ही महापालिकांच्या हद्दीत मुद्रांक शुल्क एकूण ७ टक्के पडतं आणि त्यातला १ टक्का मेट्रो अधिभार असतो. मेट्रो तुमच्यापासून दहा किलोमीटरवर असली तरी तो भरावाच लागतो. घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर १ टक्का सूट आहे. सत्तर लाखांच्या घरावर सत्तर हजार वाचतात. नवरा-बायकोच्या संयुक्त नावावर ही सूट मिळत नाही. नोंदणी फी १ टक्का, पण ३० हजारांच्या वर नाही. बांधकाम चालू असलेल्या घराला जीएसटी लागतो, एरवी ५ टक्के आणि परवडणाऱ्या घरांच्या व्याख्येत बसलं तर १ टक्का. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या घराला तो लागत नाही.

मन अजूनही डळमळत असेल तर त्याच गल्लीत अकरा महिन्यांच्या करारानं भाड्यानं राहा. जूनच्या आधी राहायला गेलात तर पावसाळा आणि गणपती त्यात येतातच. टँकरचा मे महिना मात्र करारात पूर्ण बसेल, याची काळजी घ्या.